टिनाचा ताम्रपट

दुपारच्या खिचडीनंतरचा तास नेमका माझ्याच वाट्याला येतो. पेंगुळलेली सातवी, खिडकीबाहेर धरणाचं दूरवर पसरलेलं पाणी आणि फळ्यावर राष्ट्रकूट. अशा वेळी आपण कोणत्या शतकात आहोत, हे माझं मलाच उमगत नाही.

राजांची नावं घोकून घ्यायचा मला मनस्वी कंटाळा. म्हणून त्या वर्षी ठरवलं, पोरांनीच राजा व्हायचं आणि आपापलं गाव दान द्यायचं. त्या काळचे राजे गाव देत ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून. चारी दिशांना काय काय आहे ते लिहीत, कुणाला दिलं ते लिहीत आणि शेवटी 'चंद्र-सूर्य असेपर्यंत'. तो पत्रा दान घेणाऱ्याच्या घरी राही. आता तांबं कुठून आणायचं? तेलाच्या डब्यांचं टिन कापलं, कडा ठोकून बोथट केल्या आणि एकेकाच्या हाती खिळा दिला. वर्गभर टकटक सुरू झाली. मी डोळे मिटले तर बाहेर हजार वर्षांपूर्वीची दुपार होती, आणि ती मला फार आवडली.

एक पोरगी तेवढी खिळा धरून गप्प बसलेली. तिचं गाव धरणात गेलं. आता ते लोक पुनर्वसनाच्या एकसारख्या घरांत राहतात. तिचा बाप तिथे रमला नाही. कुणाशी बोलत नाही, रोज पाण्याकाठी जाऊन बसतो, हे साऱ्या शाळेला ठाऊक.

"नव्या वस्तीचं लिही ना," मी म्हटलं.

"ते गाव नोहे मॅडम. प्लाट हायेत."

शेजारची फिसकन हसली. "तुयं गाव तं बुडलं. पाणी दान देतं का?"

मी तिला दटावलं. पोरगी टिन दप्तरात घालून घरी घेऊन गेली.

दोन दिवसांनी तिनं ते मला दाखवलं. पूर्वेला बोडी म्हणजे गावचं लहान तळं, दक्षिणेला मोहाची झाडं, पश्चिमेला नदी, उत्तरेला मारुतीचा पार. अक्षरं वाकडीतिकडी, पण गाव सरळ डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"बाबानं सांगतलं. सांगता सांगता उठून उभाच झाला. हात करून दाखवे, इकडं बोडी, इकडं मोह. लय बोलला मॅडम."

तिला बोलताना धाप लागत होती. कुणाला दिलं, ती जागा मात्र कोरी होती.

"गाव देतेस कुणाला?"

"पाह्यतो," ती म्हणाली.

शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांचे ताम्रपट भिंतीवर लटकले. भिंतीवरचा तिचा खिळा तेवढा रिकामा. पाहुणे फाटकाशी आले होते, माझा पारा चढला.

"अगं, तुझा कुठाय?"

"बाबाजवळ हाये," ती शांतपणे म्हणाली. "ज्याले गाव देल्लं, ताम्रपट त्याच्याचजवळ राह्यते ना मॅडम? तुमीच तं सांगतलं."