नर्सच्या कागदावर चार, माझ्या वहीत अकरा

सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत बसले होते. अर्धी परात झाली आणि हॉस्पिटलातून फोन आला. तो ह्यांनीच घेतला.

"चारदा," हे म्हणाले. "दिवसातून चारदाच जावं लागतं. एकदम मजेत आहे."

पलीकडे जिन नर्सनं ते लिहून घेतलं असणार.

हे म्हणजे माझे यजमान, मा ग्वांग-सिक. मोकपो शहरात सव्वीस वर्षं पाच नंबरची बस चालवतात. एक फेरी एक तास चाळीस मिनिटांची, मध्ये उठायची सोय नाही. सप्टेंबरात गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ग्वांग्जूच्या हॉस्पिटलात तेव्हा पाहणी चालू होती, रोबोटनं ऑपरेशन केलेला रोगी लवकर सावरतो की नुसत्या दुर्बिणीनं केलेला. चिठ्ठी टाकून ठरायचं. ह्यांना दुर्बीण आली. शेजारच्या खाटेवरच्या थाक दादांना रोबोट.

वारा सरल्याशिवाय पेज मिळत नाही. म्हणून दोघंही सलाईनचा खांब ढकलत व्हरांड्यात फेऱ्या मारायचे.

"दादा, मशीन एवढं नवीन, आणि हॉर्न वाजत नाही?"

"तुझ्या जुन्या गाडीचा वाजला की कळव, ड्रायव्हर."

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांचा वाजला. सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. दादांचा संध्याकाळी. घरी मात्र दोघं एकाच दिवशी गेले.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. जेवलं की संडासात पळायचं, फिरायला निघालं की वाटेतून परतायचं. डेपोनं रजा दिली ती फेब्रुवारी अखेरपर्यंत, एक मार्चला गाडीवर बसायचं. पहाटेच्या प्रार्थनेनंतर मी ज्या वहीत बायबलमधलं वचन उतरवते, तिच्याच समासात ह्यांच्या खेपा लिहिते. दर खेपेला एक रेघ, पाच रेघा झाल्या की एक चिनी अक्षर पुरं होतं. कालची दोन अक्षरं आणि वर एक रेघ. अकरा.

"अहो, चार कुठून आणलेत?"

"अगं सुल्गीच्या आई, ऑपरेशनला कु डॉक्टर माझ्यासाठी पाच तास उभे होते. मी अकरा सांगितले तर रोबोट जिंकणार. त्यांची मान खाली जायची."

"आणि एक तारखेला भर रस्त्यात बस उभी करून पळालात, तर कुणाची मान खाली जाईल?"

हे परात ओढून शेपटं खुडायला लागले. शेपटांऐवजी डोकी खुडत होते.

खोटं मी बोलले नव्हते, पण गेलं होतं माझ्या घरातून. फोन परत लावला, ह्यांनाही ऐकू जाईल असा ठेवला, आणि वही वाचून दाखवली.

जिन नर्स हसली. "काकू, इथे सगळ्यांचं चारच असतं. रोबोटवाल्यांचंपण. मग घरून दुसरा फोन येतो."

"मग बरं कुठलं, रोबोट की दुर्बीण?"

"अजून मोजतोय. म्हणून तर खरा आकडा हवा."

"मार्चात बसवर बसता येईल?"

"अकरा असताना? नाही, काकू. मंगळवारी घेऊन या. औषध बदलून देतील, आवळून धरायचा व्यायामही शिकवतील. चारवर मी काहीच दिलं नसतं."

फोन ठेवला तरी हे परातीकडेच बघत होते.

"म्हणजे थाक दादापण चारच सांगत असणार."

"असतील."

"लबाड म्हातारा." पहिल्यांदा जरा हसले. मग म्हणाले, "डेपोत मी जाणार नाही. काय सांगू तिथे? किती खेपा होतात ते?"

"मी जाते."

जेवणाआधी प्रार्थना म्हटली. ह्यांनी आमेन जरा मोठ्यानं म्हटलं. मोडांचं सूप संपेपर्यंत दोनदा उठले. दुसऱ्यांदा परत आल्यावर स्वतःच वही ओढून रेघ मारली.

उद्या पहाटेच्या प्रार्थनेनंतर बस डेपोत जाऊन ह्यांची रजा वाढवायचा अर्ज द्यायचा आहे.