चकाचक मिस्त्रीचा पिंजरा

त्याला सगळे चकाचक म्हणायचे. चकाचक मिस्त्री. चौतीस वर्षं या माणसानं गेटं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे केले, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या कामात सांधा कुठं आहे हे कुणाला दिसलं नाही. वेल्डिंग झालं की तो ग्राइंडर उचलायचा आणि सांध्यावर आलेला लोखंडाचा वळ असा घासायचा, असा घासायचा, की दोन पाइप जन्मापासून एकच होते असं वाटावं. काम ताब्यात देताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, "डोळे मिटा. अंगठा फिरवा. सांधा सापडला तर जाळी फुकट." एकही जाळी फुकट गेली नाही. त्याची लेक लहान होती तेव्हा दुकानात येऊन प्रत्येक नव्या जाळीवर डोळे घट्ट मिटून अंगठा फिरवायची, आणि हिरमुसून घरी जायची. आता अशा माणसाला गर्व होणार नाही तर कुणाला होणार?

पण गर्वानं काही गुडघे बरे होत नाहीत. अठ्ठावन्न वर्षांचा झाला तेव्हा त्याला बसलं की उठवत नव्हतं आणि उठलं की बसवत नव्हतं. डोळे सतत चुरचुरायचे. बायको ओल्या फडक्याच्या घड्या त्याच्या डोळ्यांवर ठेवायची आणि म्हणायची, "पुरे करा आता. लोखंड काही संपायचं नाही, तुम्हीच संपाल." त्यालाही ते पटलं होतं. हातातलं गेट पुरं झालं की शटर खाली ओढायचं, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं, आणि नेमकी तेव्हाच लेक आली.

लेक बसच्या गॅरेजात इंजिनं दुरुस्त करायची. आईनं शिवणकाम शिकवायचा घाट घातला होता, पण पोरीच्या नखांतलं काळं तेल बघून तिनंच तो नाद सोडला. तर या पोरीनं भंगारातलं एक इंजिन आणून, तीन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या खर्ची घालून एक गाडी बांधली होती. लांबट, बुटकी, एकाच माणसाची. तिला नीट वळता येत नव्हतं, मागं जाता येत नव्हतं. नुसतं नाकासमोर सुसाट पळायचं, एवढंच तिचं काम. शहराबाहेर एक मोठं आटलेलं तळं होतं, नजर पोचेल तिथवर सपाट. वर्षातून एकदा हौशी मंडळी घरी बांधलेल्या गाड्या तिथं आणत आणि कुणाची किती पळते ते घड्याळ लावून बघत. लेकीला ताशी तीनशे किलोमीटर गाठायचे होते. मंडळींचा एक नियम मात्र कडक होता. चालवणाऱ्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा पाहिजे. गाडी उलटली तर पत्रा चुरगळू दे, चाकं कुठंही जाऊ देत, पिंजरा उभा राहिला पाहिजे.

"बाबा, पिंजरा तुम्ही करायचा," लेक म्हणाली.

"तुमच्या गॅरेजात वेल्डर मेलेत का?"

"आहेत की. पण आत डोकं माझं असणार आहे."

यावर बाप काय बोलणार, कपाळ? करतो म्हणाला आणि अडकला.

दीड महिना तो त्या पिंजऱ्यामागं लागला होता. आणि काम कसं केलं म्हणाल, तर देवाला नावं ठेवायला जागा नाही. पाइप घेतले ते जाड, शिवण नसलेले. लेकीला हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसवली आणि तिच्या डोक्यावर चार बोटं मोकळी राहतील अशी मागची कमान एकाच पाइपाची वाकवली. "हलू नकोस," "मान ताठ ठेव," "अगं, ताठ म्हणजे बाहुलीसारखी नव्हे," असं करत करत त्यानं एकेक माप घेतलं. जिथं पाइपाला पाइप भिडणार तिथं टोक माशाच्या तोंडासारखं गोल कापायचं आणि फटीतून उजेड दिसेनासा होईपर्यंत कानशीनं घासायचं. असे सव्वीस सांधे. शेवटी शेवटी तो दुपारी जेवायलासुद्धा उठायचा नाही, कारण परत बसायच्या वेळी ब्रह्मांड आठवायचं.

आणि सांधा थंड झाला की त्याचा हात आपोआप ग्राइंडरकडं जायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. सव्वीसच्या सव्वीस सांधे त्यानं घासून लख्ख केले. लेकीला इंजिनातलं सगळं कळायचं, वेल्डिंगमधलं फारसं नाही. ती म्हणाली, "बाबा, दागिना केलात हो." तो थकून लाकडी खोक्यावर बसला होता. त्याला फार बरं वाटलं.

धावेच्या एक महिना आधी मंडळींचा तपासनीस दुकानात आला. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, किडमिडीत, कमी बोलणारा माणूस. त्यानं पाइपाची जाडी मोजली, डोक्यावरची जागा मोजली, पट्ट्यांचे नटबोल्ट हिसडून बघितले आणि मान डोलावली. मग चष्मा लावून कमानीजवळ वाकला.

"मिस्त्री, सांधे कुठंयत?"

मिस्त्रीच्या तोंडावर चौतीस वर्षांचं हसू आलं. "डोळे मिटून अंगठा फिरवा. सापडला तर पिंजरा फुकट."

तपासनीसानं अंगठा काही फिरवला नाही. "ग्राइंडर मारलात?"

"मग काय, तसंच खडबडीत ठेवू?"

"अहो, तुम्ही जो वळ घासून टाकलात ना, त्यातच सगळी ताकद होती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच जास्त झोंबलं. त्यानं कागदावर फुली मारली आणि तो गेला.

घरी आल्यावर मिस्त्रीनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो जेवण होईपर्यंत. "त्यानं जन्मात लोखंडाला हात लावलाय का? चष्मा लावला की झाले शहाणे! चौतीस वर्षांत माझी एक जाळी निखळली नाही!" बायकोनं सगळं ऐकून घेतलं, ताटं उचलली आणि म्हणाली, "जाळीवर बसून कोण तीनशेनं पळालंय आजवर? एवढी खात्री आहे तर एक मोडून बघा की."

दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेल्या पाइपांचे दोन तुकडे जोडले, मग आणखी दोन. तोच पाइप, वेल्डिंगची तीच कांडी, तोच हात. एक सांधा घासला, एक तसाच ठेवला. वळ असलेला तुकडा शिकंज्यात आवळला, त्यावर लांब पाइप चढवला आणि लेकीनं आणि त्यानं मिळून जोर लावला. पाइप वाकला, पार वाकला, पण सांधा जागचा हलला नाही. मग घासलेला लावला. अर्धासुद्धा जोर लागला नाही आणि कट्कन आवाज झाला. सांध्याच्या कडेनं सरळ फट पडली होती. त्यानं परत केला, परत मोडला. तिसऱ्यांदाही तेच.

तो फटीकडं बघत राहिला. "मीच तुला मारलं असतं गं," तो म्हणाला.

लेक घाबरली होती, पण तिनं दाखवलं नाही. "बाबा, घासलेल्यावर परत एक वळ फिरवू. दिवस कमी आहेत."

"नाही. मी नुसता वळ नाही घासला, त्याच्याबरोबर पाइपही खरवडलाय. तो पातळ झालाय. वरून वळ दिला तर शेजारी फाटेल. सगळा नवा करायचा."

झालेलं काम पुन्हा करायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. पहिल्यांदा करताना निदान हौस असते. मिस्त्री सकाळी शटर वर करायचा तेव्हाच दमलेला असायचा. पुन्हा कमान, पुन्हा माशाची तोंडं, पुन्हा कानस. त्यात हात बेइमान! सांधा थंड झाला की हात निघालाच ग्राइंडरकडं. चौथ्या दिवशी त्यानं ग्राइंडर बायकोच्या हवाली केला. तिनं तो कपाटात पांघरुणांखाली ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली. दुपारी तो पाणी प्यायच्या निमित्तानं घरी यायचा आणि कपाटाकडं बघायचा. "पाणी माठात आहे," बायको म्हणायची, "कपाटात नाही."

एकदा तो असाच आला, जिन्यात थांबला, आणि आपणच केलेल्या कठड्यावर त्यानं अंगठा फिरवला. सांधा सापडला नाही. संध्याकाळी वेल्डिंगचं मशीन घरी आणून त्यानं त्या कठड्याला जाड वळ दिले. बायको ओरडली, "चांगला कठडा विद्रूप केलात!" कठड्याला माणूस फार तर टेकतो, लगेच काही मोडत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण गावभरच्या गच्च्या आणि त्यांना टेकून उभी राहणारी माणसं त्याच्या डोक्यातून जाईनात. धाव झाली की उंचावरचा एकेक कठडा बघून यायचा, असं त्यानं ठरवलं. म्हणजे शटर काही एवढ्यात खाली येत नव्हतं.

पिंजरा झाला तेव्हा सांध्यासांध्यावर सुरवंट चिकटल्यासारखे वळ होते. मिस्त्रीला बघवेना. तपासनीस मात्र एकेक सुरवंट निरखत हसला आणि त्यानं पास केलं.

धावेच्या दिवशी मिस्त्री तळ्याच्या कडेला उलट्या बादलीवर बसला होता. पहिल्या फेरीत गाडी दोनशे ऐंशीवर गेली. लेक परत येऊन म्हणाली, "आणखी आहे तिच्यात." दुसऱ्या फेरीत ती समोरून सणकन गेली, आणि लांब कुठंतरी टायर फुटल्याचा आवाज झाला. गाडी आडवी झाली, उलटली, परत उलटली, पत्रे उडाले, आणि मग नुसती धूळ.

ज्याला बसलं की उठवत नव्हतं तो माणूस धावला. किती धावला, कसा धावला, त्याला आठवत नाही. तपासनीसाची जीप त्याला वाटेत उचलून घेऊन गेली. धूळ बसली तेव्हा गाडी चाकं वर करून पडली होती. पत्रा उरलाच नव्हता, इंजिन भलतीकडं पडलं होतं. उरला होता तो पिंजरा, थोडा वाकलेला, पण सव्वीस ठिकाणी धरून राहिलेला. आत पट्ट्यांना उलटी लटकलेली लेक खोकत होती.

पट्टे कापून तिला बाहेर काढली. डावं मनगट मोडलं होतं, ओठ फुटला होता. तपासनीस म्हणाला, "हलू नका, डॉक्टर येतोय." ती पिंजऱ्याला टेकून बसली. बाप तिच्या समोर गुडघ्यांवर होता, तिचे खांदे चाचपत, मान चाचपत.

लेकीनं डोळे मिटले. धडधाकट हात वर नेला आणि कमानीवरून अंगठा हळूहळू फिरवत आणला. वळाशी तो अडला.

"बाबा," ती म्हणाली, "सापडला."

"काय?"

"सांधा. आता पिंजरा फुकट."

"फुकट गं बाई," तो म्हणाला, "फुकट, सगळा फुकट," आणि एवढ्या माणसांत तोंडावर दोन्ही हात घेऊन हुंदके देऊ लागला. डॉक्टर आला, लेकीला घेऊन गेला. मिस्त्रीला मात्र उठता येईना. गुडघे साफ धरले होते. त्याला उभं करायला दोन माणसं लागली.