विभागप्रमुखांची उंची

बढती मिळाली की पगार वाढतो, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. पंखे बनवणाऱ्या त्या कंपनीच्या कचेरीत मात्र बढती मिळाली की खुर्ची बदलायची. नव्याने लागलेल्याला स्टूल. तो टिकला, तर बिनहातांची साधी खुर्ची. मग हातांची, मग चाकांची, आणि सगळ्यात शेवटी काचेच्या केबिनमधली उंच पाठीची काळी खुर्ची. ती फक्त विभागप्रमुखांची. ‘बढती’ हा शब्द तिथे कुणाच्या तोंडी नसे. ‘त्याला हात आले’, ‘हिला चाकं आली’, एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पगारासकट सगळा उलगडा व्हायचा.

तक्रार विभागातल्या लवंगीला हात यायला बरीच वर्षं लागली आणि चाकं यायला त्याहून जास्त. लवंगी हे अर्थात टोपणनाव. अंगाने लहान आणि जिभेने तिखट माणूस, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. पंखा घरघरतो, पंखा डुगडुगतो, पंखा वारा सोडून बाकी सगळं देतो, अशा तक्रारींना उत्तरं लिहिण्यात त्याची हयात गेली. “आपल्या भावना आम्ही समजू शकतो. उत्पादनात दोष आढळला नाही. कृपया वापराची पद्धत तपासावी.” कंपनीच्या प्रत्येक उत्तरात येणारी ही तीन वाक्यं त्याचीच, आणि त्याला त्यांचा अभिमान होता.

लिहिताना त्याची नजर अधूनमधून काचेपलीकडे जायची. तिथे मोठे साहेब त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले असायचे. काय काम करायचे ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण बसायचे मात्र झकास. आपणही एक दिवस तसं बसायचं, एवढीच लवंगीची महत्त्वाकांक्षा. माणसं चंद्रावर जातात, त्यामानाने हे काही जास्त मागणं नव्हतं.

शेवटी साहेब निवृत्त झाले आणि लवंगी विभागप्रमुख झाला. आता एवढी बढती झालीच आहे तर आपणही त्यांना अहोजाहो करू.

तर लवंगीसाहेब विभागप्रमुख झाले, आणि त्याच महिन्यात कंपनीने कचेरीची जागा सोडली. सगळ्यांनी घरून काम करायचं, असं ठरलं. सामान भंगारवाल्याला दिलं. ज्या खुर्चीसाठी जन्म घालवला ती टेम्पोत उलटी, चाकं वर करून गेली, आणि साहेब फाटकापाशी उभे राहून बघत राहिले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इतक्या तत्परतेने नेलेलं आम्ही तरी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी ते न जेवताच आडवे झाले. बायकोने विचारलं तेव्हा, “काही नाही, डोकं दुखतंय,” म्हणाले. खरं तर दुःख डोक्याच्या बरंच खाली होतं.

घरातली कचेरी म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपाट आणि खिडकी यांच्यामधली जागा. टेबल होतं. बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली, आणि थोड्याच दिवसांत कंबर धरली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, एक्स-रे पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, “असंच बसत राहिलात तर तीन महिने अंथरुणावर काढावे लागतील. नीट मापाची खुर्ची घ्या. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाठ मागे टेकली पाहिजे. आणि सीटची कड गुडघ्याच्या मागच्या बाजूला रुतता कामा नये, मध्ये दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. बाकी रंगबिंग तुम्हाला हवा तो.”

तीन महिने हे शब्द साहेबांना कमरेपेक्षा जास्त झोंबले. कारण त्यांच्या हाताखालचा उपप्रमुख. हा माणूस सहा फूट उंच, आणि टपूनच बसलेला. “साहेब, तुम्ही निवांत आराम करा, मी आहे ना,” असं तो इतक्या मायेने म्हणायचा की साहेबांची झोप उडायची. तीन महिने रजा घेतली तर परत येईपर्यंत हा प्रमुख झालेला असणार. आलेली पाठ हातची जाणार, आणि तीही दोन्ही अर्थांनी.

रविवारी साहेब दुकानात गेले. बायकोला नेलं नाही. ती शाळेत ग्रंथपाल, प्रत्येक गोष्ट उलटून मागची बाजू वाचणारी. तिच्यासोबत खरेदी म्हणजे परीक्षा, असं त्यांचं मत.

दुकानदाराने आदराने विचारलं, “साहेब, आपली उंची?”

“विभागप्रमुख,” साहेब म्हणाले.

त्यांनी हे मुद्दाम म्हटलं नव्हतं. उभ्या आयुष्यात खुर्चीच्या संदर्भात त्यांना दुसरं काही कुणी विचारलंच नव्हतं. दुकानदारही मुरलेला गडी. त्याने पापणीसुद्धा न लववता मापाची टेप खिशात ठेवली आणि म्हणाला, “मग वरच्या मजल्यावर चला.”

वरच्या मजल्यावर ती होती. काळी, उंच पाठीची, वर डोक्याला आधार, खाली सहा-सात खटके. साहेब बसले. तळवे जमिनीपासून वीतभर वर राहिले, पण ते बघायला खाली वाकावं लागलं असतं, आणि त्या खुर्चीत बसून खाली बघावंसं कुणाला वाटतं? समोरच्या आरशात त्यांना विभागप्रमुख दिसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्याच क्षणी पालथ्या घड्यावर पाणी झालं.

घरी आल्यावर खटके दाबून झाले. खुर्ची खाली जायची तेवढी गेली, तरी पाय लोंबतच राहिले. सहा फुटी माणसासाठी केलेली वस्तू ती. मागे टेकावं तर गुडघे दुमडत नाहीत आणि पाय लहान मुलासारखे सरळ पुढे येतात. गुडघे दुमडावे तर पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये एक उशी आणि वर वर्तमानपत्र मावेल एवढी फट. मानेचा आधार टाळूवर टपली मारायचा. हात ठेवायच्या दांड्या इतक्या वर की त्यावर कोपरं टेकली की साहेब पंख सुकवत बसलेल्या पाणकावळ्यासारखे दिसत.

कॉलेजात जाणारी लेक दारातून बघून म्हणाली, “बाबा, तुम्ही खुर्चीत बसलाय की तिने तुम्हाला मांडीवर घेतलंय?”

“मोठ्या माणसांची खुर्ची आहे ती,” साहेब म्हणाले.

“ते दिसतंयच,” लेक म्हणाली आणि गेली.

बायकोने पायाखाली ठेवायला स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचा डबा आणला. साहेबांनी तो परत पाठवला. विभागप्रमुखाच्या पायाखाली पिठाचा डबा?

“अहो, टेबलाखाली कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

डबा जागेवर गेला आणि कंबर आणखी बिघडली. शेवटी साहेबांनी गुपचूप दुकानाला तक्रार लिहिली. सुंदर लिहिली, मुद्देसूद, जिव्हाळ्याने. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: आपल्या भावना आम्ही समजू शकतो, उत्पादनात दोष आढळला नाही, कृपया वापराची पद्धत तपासावी. आपलं वाक्य इतकं दूरवर पोचलंय याचा आनंद मानावा की कपाळावर हात मारावा, हे त्यांना बराच वेळ ठरवता आलं नाही. इतकी वर्षं पंख्याखाली घामाघूम बसून असली पत्रं वाचणाऱ्या लोकांची त्यांना पहिल्यांदाच दया आली.

मग आली संचालकांची बैठक. नव्या प्रमुखांनी विभागाचा आढावा द्यायचा होता. तो नीट झाला की नेमणूक पक्की, नाहीतर उपप्रमुख मायेने तयारच होता.

या कंपनीत एक रीत होती. संचालक खोलीत आले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. आता खोली उरली नव्हती, पण रीत कशी सोडणार? पडद्यावर संचालकांचा चौकोन उजळला की सगळे आपापल्या घरी उभे राहत. कॅमेरा होता तिथेच राही, त्यामुळे संचालकांना काही क्षण पंधरा पोटं दिसत. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. कदाचित पोटांनाच ते कर्मचारी समजत असावेत.

साहेब वेळेच्या बरेच आधी कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले. मागे उंच काळी पाठ, केस नीट विंचरलेले. संचालकांना उशीर झाला. सीटची कड मांड्यांखाली रुतत होती, लोंबत्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही कंटाळून गेल्या. पायच गेले. आपल्याला पाय आहेत ही साहेबांकडे फक्त ऐकीव माहिती उरली.

संचालकांचा चौकोन उजळला. बाकीची चौदा माणसं उठली. साहेबही उठले, म्हणजे खुर्चीवरून निघाले, आणि थेट फरशीवर पोचले.

धप्प आवाज झाला. पडद्यावर चौदा पोटं आणि एक खुर्ची.

“बसा, बसा,” संचालक म्हणाले. त्यांची नजर अधू होती आणि चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. “हं, प्रमुख, करा सुरू.”

“सर,” उपप्रमुख लगबगीने म्हणाला, “साहेब दिसत नाहीयेत.”

“मला तर व्यवस्थित दिसतायत,” संचालक खुर्चीकडे बघत म्हणाले. “तुमचं इंटरनेट बघा जरा.”

जमिनीवर उताणा पडलेला लवंगी (जमिनीवर अहोजाहो कसलं) हे ऐकत होता. उठायला पाय नव्हते. पण त्या थंडगार सपाट फरशीवर कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याची कंबर दुखत नव्हती. आणि आकडे त्याला तोंडपाठ होते. छताकडे बघत त्याने बोलायला सुरुवात केली. कोणत्या पंख्याच्या किती तक्रारी, कुठला भाग सारखा झिजतो, कोणत्या भागाचं काय करायला हवं. जीभ पहिल्यापासून तिखट, त्यात आता कंबर गप्प. इतका खणखणीत तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. तीन वाक्यांपैकी एकही त्याने वापरलं नाही.

“उत्तम,” शेवटी संचालक म्हणाले. “नेमणूक पक्की समजा. आणि ती खुर्ची शोभते हो तुम्हाला.”

चौदा जणांनी होकारार्थी माना हलवल्या. आता एकालाही, अगदी उपप्रमुखालाही, म्हणावंसं वाटलं नाही की खुर्चीत माणूस नाही.

बायको घरी आली तेव्हा तो तसाच पडलेला होता.

“अहो, पडलात?”

“बैठक झाली. पक्का झालो मी.”

“मग तोंड असं का?”

“त्यांना मी दिसलोच नाही गं. आणि काही अडलंही नाही.” काचेपलीकडे इतकी वर्षं आपणही साहेबांना बघत होतो की त्यांच्या खुर्चीला, हे त्याला आता आठवेना.

बायकोने त्याला हात देऊन उठवलं. समजूत वगैरे घातली नाही. तिने माळ्यावरून लेकीची शाळकरी वयातली अभ्यासाची खुर्ची काढली, पुसली, फिरकी फिरवून खाली केली आणि म्हणाली, “बसा.” तो बसला. तळवे टेकले. पाठ टेकली. बायकोने गुडघ्यामागे बोटं घालून बघितली, दोन आरामात शिरली. खुर्ची गुलाबी होती आणि तिच्या पाठीवर सशाचं चित्र होतं, पण डॉक्टरीणबाईंनी रंगाचं स्वातंत्र्य दिलेलंच होतं.

म्हणून लवंगी लगेच शहाणा झाला असं कुणी समजू नये. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. त्याने काळी खुर्ची गुलाबी खुर्चीच्या मागे चिकटवून ठेवली. कॅमेऱ्यात मागे उंच पाठ दिसायची, खाली पाय जमिनीवर. बायकोला चालताना ती अडचण सारखी लागायची, पण कंबर सुधारत होती, म्हणून तिने ते चालवून घेतलं.

काही दिवसांनी विभागातल्या सगळ्यात नव्या मुलीचा कॉल आला. ती सगळे घरून काम करू लागल्यावर नोकरीला लागलेली. तिने बिचारीने ते स्टूलसुद्धा पाहिलं नव्हतं, भाषा मात्र उचलली होती.

“साहेब, माझं स्टूल सुटलं,” ती हरखून म्हणाली. “खुर्ची घ्यायचीय. तुमची कुठल्या दुकानातली? तुमच्याएवढी नको, पदाला शोभेल अशी.”

“तुझी उंची किती?”

“वरिष्ठ सहायक, साहेब.”

लवंगी हसला नाही. एकदा त्याने मागच्या काळ्या पाठीकडे बघितलं. मुलगी पडद्यावर वाट बघत होती, आणि तिच्या मागे जेवणाच्या टेबलाची खुर्ची दिसत होती. दुकानाचं नाव सांगितलं असतं तर काम झालं असतं, आणि साहेबपणही शाबूत राहिलं असतं. त्याने लॅपटॉप उचलून टेबलाच्या कडेबाहेर धरला आणि पडदा हळूच खाली वाकवला. कॅमेऱ्यात आधी शर्ट आला, मग घरातली जुनी चड्डी, मग गुलाबी सीट, आणि शेवटी फरशीवर सपाट टेकलेले दोन अनवाणी पाय.

“नीट बघ,” तो म्हणाला. “आणि आता फुटात सांग.”