गोटूचे केस कोणी कापले

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई म्हणायच्या, "कुमुद आधी बोलते आणि मग दार उघडून बघते कोण आलंय ते." लोक हसायचे, मीही हसायचे. हौसाच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, आतापर्यंत तीनदा उठून आले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, आणि दोनदा उगाचच.

हौसा कामोठ्याची. नवरा मिठागरात होता. मिठागरं गेली, जमीन सिडकोत गेली आणि नवरा ओट्यावर जाऊन बसला तो बसलाच. एक्याण्णव साली आमच्या खालच्या मजल्यावरच्या शशिकलाबाईंना नातू झाला, तेव्हा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती पनवेलला यायला लागली. हे काम तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं. मोरीत पाय लांब सोडून बसायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची, आणि आईच्या हातात किंचाळणारं ते पोर हिच्या पायांवर गप्प पडून राहायचं. हौसा स्वतः मात्र एका जागी टिकणारी नव्हती. एसटीची वाट बघणं तिला जमायचं नाही म्हणून कामोठ्याहून चालत यायची. "उबी राहून राहून पाय सडतात वैनी," म्हणायची.

त्याच वर्षी आमच्या ह्यांनी मुंबईहून एक पामेरियन पिल्लू आणलं. तेव्हा पामेरियनचं वेडच होतं, ज्याच्या दारात बघावं तिथे एक पांढरा गोळा भुंकत असायचा. आमच्या गोळ्याचं नाव गोटू. कौतुक ह्यांचं आणि आंघोळ माझ्याकडे! दर रविवारी तो मला चावायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचे. एकदा मी अशी किंचाळले की हौसा खालून ओल्या हातांनी धावत वर आली. बघितलं, आणि म्हणाली, "द्या हिकडं."

पाय लांब केले आणि गोटूला बाळासारखा पायांवर घेतला. पाण्यात कोपर घालून बघितलं, कानाशी काहीतरी पुटपुटली. मी बाजूला चावलेलं बोट धरून उभी. त्या द्वाड कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. वरून तिनं त्याच्या कानामागच्या सात गोचिड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "पोराच्या डोक्यात उवा असत्या तर तुमाला दिसल्या असत्या ना?" मला राग आला आणि हसूही आलं.

तिथून सुरू झालं. आमच्या आळीत, मग तळ्याच्या बाजूला, मग स्टँडच्या मागे. कोणाचा अल्सेशियन, कोणाचा पामेरियन, एका वकिलाचं ते जमिनीला लोळणाऱ्या केसांचं ल्हासा. हौसा शाळेत गेलेली नव्हती, आणि ह्या कामाची शाळा असते हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. ती जनावरांच्या दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहायची. डॉक्टरांनी दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा एक चावरा कुत्रा तिच्याकडे धरायला दिला, आणि मग तेच तिला बोलावणं धाडायला लागले. नखातली लाल शीर कुठे संपते, कानात पाणी गेलं तर काय होतं, हे तिनं तिथे उभ्याउभ्या शिकून घेतलं. रिठ्याचं पाणी आणि करंजाचं तेल तिचं स्वतःचं. कुठल्या कुत्र्याची कातडी कुठे कोरडी पडते हे ती हात फिरवून सांगायची, वहीत लिहिल्यासारखं.

मग शशिकलाबाईंच्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले. बाईंनी हौसाला जिन्यातच थांबवलं. "कुत्र्यांना लावलेले हात माझ्या नातवंडांना नकोत. काय ते एक ठरव."

हौसा माझ्याकडे आली. बाळांचं काम आईपासून चालत आलेलं, खात्रीचं. कुत्र्यांचं काल-परवाचं. तिला विचार करायचा होता. मी करू दिला का? छे! "सोड गं ती बाळं," मी म्हणाले. "बाळं मोठी होतात. कुत्र्यांना जन्मभर आंघोळ लागते." तिनं दोन दिवसांनी बाळांचं काम सोडलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला हे माहीत असायला हवं. तिच्याकडे आता कुत्र्यांशिवाय काही नव्हतं.

त्र्याण्णवचा मे. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. गोटूचे केस सोफ्यावर, केस गादीवर, आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या पानात, वरणात. जेवायला आलेल्या माझ्या दिरांनी वाटी फक्त बाजूला सरकवली. पाहुणे गेल्यावर मी हौसाला बोलावलं आणि सांगितलं, "ह्याचं पार गोटा कर. एक केस नको मला दिसायला."

"नको वैनी," ती म्हणाली. "ह्याला दोन थर हायेत. आतला मऊ, वरचा राठ. मुळापासून कापलं ना, तर आतला वर येतो आन वरचा येतच नाय. ऊन बी लागंल कातडीला."

"कोणी सांगितलं तुला?"

"हाताला कळतं."

आणि मी म्हणाले. अजून ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणाले, "हाताला कळतं म्हणे! शाळेची पायरी तरी चढलीस का कधी? मोठी आली डॉक्टरीण. कापतेस की दुसऱ्या कोणाला बोलावू?"

हौसानं माझ्याकडे बघितलं आणि कात्री हातात घेतली.

संध्याकाळी हे घरी आले तर गोटू पलंगाखाली. बाहेर ओढला तो उंदरासारखा गुलाबी, थरथरणारा. हे कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. जिन्यात माणसं जमली. शशिकलाबाई तर पदर सावरत सगळ्यात पुढे. हौसा बादली विसळून निघायच्या बेतात दारातच उभी होती.

"कोणी केलं हे?" ह्यांनी विचारलं.

"हौसानं," मी म्हणाले.

खोटं होतं का ते? कात्री तिच्याच हातात होती. पण मी मेलीनं त्या एका शब्दापुढे काही जोडलं नाही. मला वाटलं, हौसा बोलेल. बोलली नाही. बादली उपडी घातली आणि जिना उतरून गेली.

आठवडाभरात वकिलाकडून निरोप गेला, येऊ नकोस. मग तळ्याकडचे, मग स्टँडमागचे. शशिकलाबाईंनी ते कामच अंगावर घेतलं होतं जणू, घरोघर सांगत सुटल्या. गोटूच्या पाठीवर फोड आले, ते गेले. पावसाळा संपला, गणपती झाले. केस आले ते लोकरीसारखे, ठिगळाठिगळांनी, आणि कमरेवर तर आलेच नाहीत. म्हणजे हौसाचा हात खरं बोलला होता.

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं माझं. दूध उतू जायचं. भाजीवाल्याशी भांडण, शिवणाऱ्या बाईशी भांडण. मंगळागौरीला गेले आणि अर्ध्यातून उठून आले. एक दिवस कळंबोलीकडे जाताना रिक्षातून हौसा दिसली. सिडकोच्या बांधकामावर, डोक्यावर घमेलं. लहान लेकराच्या कानात पाण्याचा थेंब जाऊ न देणारे ते हात सिमेंटनं पांढरे पडलेले. मी रिक्षा थांबवली नाही. पुढे जाऊन थांबवली, परत फिरवायला सांगितली, आणि परत नको म्हटलं. रिक्षावाला म्हणाला, "बाई, एकदा ठरवा काय ते."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ठरवलं. घरात वीस बायका, हातात तिळगूळ. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. तिनं नको म्हटलं होतं, मी तिला कापायला लावलं, मी तिची शाळा काढली.

मग शशिकलाबाई म्हणाल्या, "किती मोठं मन गं तुझं कुमुद! त्या बाईनं कुत्रा नासवला आणि तू तिला पाठीशी घालतेस!"

"अहो, पाठीशी नाही! खरंच मीच—"

"असू दे गं, असू दे," आणि कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला किंचाळावंसं वाटत होतं. खरं बोलून मी त्यांच्या नजरेत मोठी झाले, आणि हौसा होती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामोठ्याला गेले. अंगणात ती कोंबड्यांना हाकलत होती. मला बसायला पाट दिला, स्वतः उभीच.

"हौसा, मी सगळ्यांना सांगितलं. काल."

"बरं केलंत. मग कोन बोलावतंय मला?"

"अजून... कोणी नाही."

"मग कुनाला सांगितलंत?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आठ महिनं वैनी. आठ महिनं मी दगड-विटा उचलते. माझी आय ह्याच हातांनी जगली. आन तुमी हळदीकुंकू लावून सांगून मोकळ्या झालात."

मी रडले. तिनं मला रडू दिलं, गप्प केलं नाही. मग म्हणाली, "रडू नका. कुत्रा द्या. रोज कामावरनं सुटले की येईन. पन तुमच्या मोरीत नाय बसनार. खाली पायरीवर बसनार, सगळ्यांच्या समोर. तुमी माझ्या बाजूला बसायचं. कोनी विचारलं, ह्याचं असं कोनी केलं, तर मी बोलनार नाय. तुमी बोलायचं."

असे ते दिवस सुरू झाले. साडेपाचला हौसा यायची, हातपाय धुऊन पायरीवर बसायची, गोटूच्या उघड्या कातडीला करंजाचं तेल चोळायची आणि उलट्या दिशेनं फणी फिरवायची. मी बाजूला. पनवेलमध्ये फुकट चौकशी करणाऱ्यांची काय कमी! दूधवाला, पोस्टमन, क्लासला निघालेल्या पोरी, सगळे थांबायचे. "अरेरे, कोणी केलं?" आणि मी म्हणायचे, "मी. ही नको म्हणत होती." पहिल्या दिवशी तीनदा. दुसऱ्या दिवशी सातदा. शशिकलाबाई जिना उतरताना तोंड फिरवून जायच्या, पण चौथ्या दिवसापासून त्याही खिडकीत उभ्या राहून ऐकायला लागल्या. मला वाटायचं उठावं, पळावं, आजारी पडावं. हौसा वर बघायचीसुद्धा नाही.

दीड महिना गेला. कमरेवर हाताला जाणवेल इतकी राठ लव आली, दिसेल इतकी नाही. बोलावणं मात्र एकाही घरून आलं नाही.

मग मार्चमधल्या एका रविवारी आमच्या दारात एक गाडी थांबली. माथेरान रस्त्याकडे फार्महाउस असलेले एक गृहस्थ, मागच्या सीटवर दोन पामेरियन. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं म्हणाले. हौसाला विचारलं, दर पंधरा दिवसांनी येशील का, आमच्या ओळखीत अजून चार बंगले आहेत. मी मनात गणपतीला नारळ बोलले.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "उन्हाळा येतोय. दोघांचे केस पूर्ण उतरवून टाक."

"नाय कापनार," हौसा म्हणाली.

"म्हणजे?"

"नखं काढीन, धुईन, विंचरीन, गुंता सोडवीन. पोटाखालचं बारीक करीन. वरचं नाय कापनार. ह्याला बगा." तिनं गोटूची कंबर त्यांच्याकडे वळवली.

"अरे बापरे! कोणी केलं हे?"

मी सवयीनं तोंड उघडलं. पण हौसा आधी बोलली.

"मी केलं. ह्या वैनींनी सांगितलं, आन मला ठावं असून मी ऐकलं. नाय म्हनून उठून जायला पायजे होतं."

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. "मी सल्ला विचारायला नाही आलो, काम सांगायला आलोय," म्हणाले, आणि गाडी गेली.

गाडी वळली तशी माझा तोल सुटला. "अगं वेडी का खुळी तू! पाच बंगले! दहा महिन्यांनी काम दारात आलं आणि लाथाडलंस? कापले असतेस तर काय बिघडलं असतं? त्यांचे कुत्रे, त्यांची हौस!"

हौसानं फणी खाली ठेवली. रागावली नाही. हळूच म्हणाली, "वैनी, परत तुमी मला कापायलाच सांगताय."

मी फणी उचलून तिच्या हातात दिली. जिन्यात शशिकलाबाई उभ्या राहून ऐकत होत्या.

पुढच्या रविवारी तीच गाडी परत आली, दोन्ही कुत्र्यांचे केस जसेच्या तसे घेऊन. पण ते आम्हाला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की सकाळी उठून तिला पुन्हा घमेलं उचलायला जायचं होतं, आणि तरी ती नाही म्हणाली होती.