चतुराबाईची सावली

पिंगळीच्या चतुराबाईनं पंधरा वर्षं रोपवाटिकेत रोजंदारी केली होती. रोप हातात घेतलं की ते जगणार की नाही हे तिला कळायचं. म्हणूनच परभणीजवळच्या नव्या क्रीडासंकुलाभोवती झाडं लावायचं काम निघालं, तेव्हा गुत्तेदाराच्या मुकादमानं, किशनरावांनी, तिला बोलावून घेतलं.

संकुलाच्या दारासमोर मोठं मोकळं पटांगण होतं. सामन्याला आलेल्या लोकांनी टेकावं म्हणून दगडी ओट्यांची लांब रांग बांधून झाली होती. ओट्यांच्या पूर्वेला अकरा खड्डे खणायचे आणि त्यांत कडुनिंब लावायचे, असं आराखड्यात होतं. आराखडा पुण्याच्या राजेश्री मॅडमनी काढला होता. बाई तिशीतली, डोक्याला टोपी, बोलायला गोड.

नववा खड्डा खणता खणता चतुराबाईनं कुदळ खाली ठेवली आणि सूर्याकडं पाहिलं.

"मॅडम, हितं सामने किती वाजता हायत?"

"संध्याकाळी पाचला. लोक चारपासूनच येतील."

"मग हे झाडं माणसांसाठी लावायलात का गाड्यांसाठी?"

राजेश्रीला काही कळेना. किशनरावांना मात्र राग आला. "तू खड्डे खण गं! नक्षा शिकलेल्या माणसांनी काढलाय."

चतुराबाईनं पुन्हा कुदळ उचलली, पण तिच्या जिवाला चैन पडेना. दुपारच्या सुट्टीत भाकरी तशीच ठेवून तिनं दोन लांब बांबू आणले, त्यांना एक बारदाना ताणून बांधला आणि पाचव्या खड्ड्यात ते बांबू पक्के रोवले. एवढं करून ती कामाला लागली.

चार वाजले. एप्रिलचं ऊन अजून चटके देत होतं. चतुराबाईनं राजेश्रीला हाताला धरून ओट्यावर बसवलं. "आता बघा, सावली कुठं पडायलीय."

बारदान्याची सावली ओट्याकडं पाठ फिरवून पार पलीकडं, मोटारसायकली लावायच्या जागेत पसरली होती. ओट्याचा दगड असा तापला होता की राजेश्री बसल्या बसल्या ताडकन उठली.

"अगं बाई! गाड्या सावलीत आणि माणसं उन्हात?"

"तेच म्हणायलेय मी. झाडं मावळतीकडं पाहिजेत."

राजेश्री पोट धरून हसली. तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून तिनं पेन्सिलीनं अकरा गोल खोडले आणि ओट्यांच्या पश्चिमेला नवे काढले. किशनराव कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि हे नऊ खड्डे?"

"मीच बुजवते, मीच नवे खणते," चतुराबाई म्हणाली. "पण मुरूम लागेपर्यंत खोल खणू द्या. नुसत्या काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं कुजत्यात."

राजेश्रीनं त्यालाही मान डोलावली. किशनरावांनी मग तोंडानं कुरकुर करत स्वतःच फावडं उचललं आणि तीन खड्डे एकट्यानं बुजवले.

काम संपेपर्यंत राजेश्री रोज सकाळी आधी चतुराबाईला गाठायची. पाण्याचा नळ कुठं असावा, लेकरं घेऊन आलेल्या बायांनी कुठं बसावं, म्हातारी माणसं कुठून चढतील, सगळं विचारायची. चतुराबाईला सुरुवातीला लाज वाटली. मग तिला हुरूप आला आणि ती न विचारताही सांगू लागली.

तीन वर्षं गेली. कबड्डीच्या जिल्हा सामन्यांना चतुराबाई नवं लुगडं नेसून प्रेक्षक म्हणून आली. कडुनिंब दोन पुरुष उंच झाले होते. त्यांच्या सावलीत ओटे माणसांनी भरून गेले होते. कुणी शेंगदाणे खात होतं, कुणी तिथंच आडवं झालं होतं. तिला जागा मिळेना, म्हणून ती एका झाडाच्या आळ्यालगत बसली.

तेवढ्यात शिट्टी वाजवत बालाजी नावाचा पोरसवदा पहारेकरी आला. "मावशी, उठा तिथून. झाडाला धक्का लागंल. लय मेहनतीनं वाढवलेत."

"कुणी वाढवलेत रे?"

"पुण्याच्या मॅडमनी."

चतुराबाई खळखळून हसली आणि उठून उभी राहिली. "बरोबर हाय तुझं. पण बाबा, आळं भरून आलंय, उद्या जरा उकरून घे."

बालाजी वाकून आळं बघू लागला. आत मैदानात चढाई सुरू झाल्याचा गलका उठला, तशी चतुराबाई पदर खोचून लगबगीनं दाराकडं निघाली.