तरन्नुमची हजेरी

तरन्नुम शिकलगार वडूजहून सांगलीच्या कॉलेजात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं आपलं हसू करून घेतलं. सुमंत सर खाली मान घालून हजेरी घेत होते. "तरन्नुम शिकलगार" असं नाव आलं, तशी ही उठली, बाकांमधून चालत गेली आणि सरांच्या टेबलासमोर मुकाट उभी राहिली.

"काय हवंय?" सरांनी विचारलं.

आधी मागचा बाक हसला, मग सगळा वर्ग. राजवर्धन नावाचा एक उंच पोरगा ओरडला, "अगं, जागेवरनंच हजर म्हणायचं असतं!" कानशिलं तापली आणि ती कशीबशी जागेवर येऊन बसली.

आता यात पोरीचं काय चुकलं? तिचे वडील मौला शिकलगार वडूजच्या पेठेत धार लावतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी, जे येईल ते. चाक फिरत असताना मागून कुणी ओरडलं की हात दचकतो आणि बोट पात्याखाली जातं. मौलाच्या अंगठ्याचं टोक असंच गेलंय. म्हणून त्या घरात पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हेच शिकवतात. हाक आली की ओ द्यायची नाही. समोर येऊन दिसेल असं उभं राहायचं आणि अब्बांनी पातं चाकावरून उचललं की मग बोलायचं. इतर घरांत पोरं ओ दिली नाही म्हणून धपाटे खातात, या घरात ओ दिली म्हणून. अशा घरात वाढलेल्या पोरीचा आवाज फुटणार तरी कधी?

त्या दिवसापासून तर तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. वसतिगृहाच्या पायऱ्या उतरून ती रोज वेळेत वर्गात यायची. सावंतांचं नाव पुकारलं की तळहात ओले व्हायचे, कारण पुढचं नाव तिचं. ती तोंड उघडायची, ओठ हलायचे, आणि तोवर सर शिंद्यांपर्यंत पोचलेले असायचे. हा शिंदे त्या वेळी विश्रामबागच्या एखाद्या टपरीवर चहा पीत बसलेला असायचा. त्याचा मित्र आवाज बदलून त्याचं "येस सर" ठोकून द्यायचा. म्हणजे नसलेला हजर आणि असलेली गैरहजर. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, ते काही उगाच म्हणत नाहीत.

शेजारी बसणारी भार्गवी एकदा म्हणाली, "मी म्हणू का तुझ्याऐवजी?" तरन्नुमनं घाबरून नको म्हणून मान हलवली. पकडले गेलो तर? सरांना एकटं गाठून सांगावं म्हणून ती स्टाफरूमपर्यंत गेलीही होती. आतून कुणीतरी खाकरलं आणि ही आली तशी पळाली.

दसरा झाला, आणि व्हायचं ते झालं. सर वर्गात म्हणाले, "ज्यांची हजेरी कमी आहे त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. सोमवारी पालकांना घेऊन यायचं. ही शिकलगार कोण? पहिल्या दिवसानंतर फिरकलेलीच दिसत नाही."

शिकलगार तिथंच, भिंतीकडेला बसली होती. तिला उठताच येईना.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. "कसं चाललंय बाळा?"

"बरं चाललंय."

"मुजीबचाचा लय बोलतोय बघ. म्हणतोय, दिवाळीला पोरगी परत येती का न्हाई बघ. मी म्हटलं, रोज कालिजात जाती माझी पोरगी. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

तिला रडू आलं, तेही तिनं आवाज न करता आवरलं. परीक्षा बुडेल, वर्ष जाईल, हे होतंच. पण खरी धास्ती वेगळी होती. अब्बा येणार आणि सर त्यांच्या तोंडावर सांगणार की तुमची मुलगी कॉलेजला येतच नाही. मग ती एवढे दिवस जात कुठं होती? या प्रश्नानंतर कुठली सांगली आणि कुठलं शिक्षण! तिच्या पाठच्या बहिणीलाही मग वेशीबाहेर कुणी सोडलं नसतं.

सोमवार उजाडला. तिनं अब्बांना कळवलंच नव्हतं. हजेरी सुरू झाली. सावंत. मग तिचं नाव.

आवाज आजही फुटला नाही. पण पाय उठले. तिला येत होतं ते एवढंच. ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मागे खसखस पिकली. सरांची मान खालीच होती. ती त्यांच्या पेनकडं बघत राहिली. शेवटी पेन थांबलं.

"सर, मी तरन्नुम शिकलगार. मी रोज हितंच असते."

"मग बोलत का नाहीस?"

"आमच्याकडं हाक आली की म्होरं येऊन उभं ऱ्हायचं असतंय. अब्बांच्या हातात पातं असतंय."

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग वर्गाकडं बघून म्हणाले, "हिला रोज वर्गात कुणी बघितलंय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. संपलं, असं तरन्नुमला वाटलं.

"मी, सर," भार्गवी उभी राहिली. आणि मागच्या बाकावरून राजवर्धन उठला. "सर, पहिल्या दिवशी आमी हिला लय हसलो हुतो. तवापास्नं आल्या आल्या आमी हिच्याकडंच बघतोय, आज परत उठती का म्हणून. एक दिवस चुकवला न्हाई तिनं."

"व्हय सर," आणखी दोघंतिघं म्हणाले. ज्या हसण्याला ती एवढे दिवस भीत होती, तेच साक्षीला उभं राहिलं.

"जा, बस," सर म्हणाले. "पालकांना आणायची गरज नाही."

भीती काही त्या दिवशी पळून गेली नाही. दुसऱ्या दिवशीही सावंतांच्या नावाला तळहात ओले झालेच. मग तिचं नाव आलं. तिनं वर बघितलं, तर सरांनी पेन कागदावरून उचललं होतं आणि ते तिच्या बाकाकडं बघत थांबले होते.

"हजर," ती म्हणाली.