चार दिव्यांची खात्री

गल्लीत त्याला सगळे चारदिवे म्हणायचे. खरं आडनाव होतं, पण ते फक्त कागदोपत्री. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडायच्या, त्यातले जिवंत सेल निवडायचे आणि पॉवरबँका बांधून विकायच्या, हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकासमोर बटण दाबायचा, चार निळे दिवे लागले की म्हणायचा, "आता खुशाल झोपा." बोलण्यात असा पटाईत, की समोरचा माणूस ऐकूनच निम्मा चार्ज व्हावा.

दुकानावरच्या खोलीत त्याची थोरली बहीण. डावं अंग लुळं, जीभ मात्र शाबूत, शिवाय दोघांच्या वाट्याची. तिच्या उशाशी त्याने बिनतारी बेलचं बटण बांधून दिलं होतं. वाजणारा डबा खाली दुकानात, भिंतीच्या प्लगमधल्या मोबाइल चार्जरवर. एकदा वाजली तर पाणी हवंय, दोनदा वाजली तर खाली कोण आलंय ते वर येऊन सांग. दोनदाच जास्त वाजायची.

त्या दिवशी इमारतीच्या वायरी बदलायच्या म्हणून सकाळपासून वीज बंद. चारदिवेने बेलचा डबा भरलेल्या पॉवरबँकेला जोडला, धावत वर गेला, बटण दाबलं. खाली टिंगटाँग.

"बघ ताई, वीज नसली तरी तुझा दरबार चालू."

"असतं काय रे एवढं त्या डबीत?"

"सेल असतो. त्याचा जोर पावणेचार व्होल्टच्या आसपास, मोबाइलला लागतो पाचचा. मधली सर्किटची पट्टी तो वाढवून देते. सेल फार उतरला की वीज तोडते. आणि पलीकडून कुणी वीज ओढत नसेल तर आपणहून झोपते, उगाच जळत बसत नाही."

"म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणी."

"आज सगळी इमारत पॉवरबँक मागायला येणार. उठसूट वाजवू नकोस हं."

"बरं. मेले तरी वाजवणार नाही."

खाली खरंच रीघ लागली. समोरची शिवणकामवाली दारातूनच म्हणाली, "आज वरून हुकूम नाही आला?"

"रुसलीय."

"मग घ्या घटकाभर सुख."

तो हसला. खोटं कशाला बोला, थोडं सुख त्याला वाटलंही. एक नवराबायको एकाच पॉवरबँकेवरून दुकानात कडाकडा भांडून गेली होती. ती गंमत त्याने ताईसाठी, दोन टोल्यांच्या वेळेला म्हणून राखून ठेवली.

दुपारी जेवण घेऊन वर गेला, तर ताई फरशीवर पालथी. बटण दोरीसकट खाली ओढलेलं. अंगठा बटणावर. अंगठा सोडवायला त्याला जोर लावावा लागला.

डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन-अडीच तास झाले असतील. "लगेच कळलं असतं तर?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी दाखल्यावर वेळ लिहून कागद त्याच्या हातात दिला.

तो खाली आला. डब्याला जोडलेली पॉवरबँक अंधारी होती. त्याने बटण दाबलं. चारही दिवे लागले. जन्मभर त्याने प्रत्येक पॉवरबँक मोबाइल लावून तपासली होती, आणि मोबाइल वीज घटाघटा पितो. बेलचा डबा वाजेपर्यंत नुसता बसून असतो, थेंबभर वीज घेतो. पट्टीच्या हिशेबी पलीकडे कुणीच नव्हतं. तो वर बहिणीशी बोलत उभा होता, तेवढ्यातच खाली पॉवरबँक झोपली असणार.

शिवणकामवाली डोळे पुसत दाराशी आली. "बॅटरी उतरली असेल हो. तुम्ही तरी काय करणार?"

गल्ली आजही तसंच सांगते, आणि त्यालाही नुसती मान हलवून सुटता आलं असतं.

"भरलेली आहे," तो म्हणाला, आणि चार दिवे तिच्याकडे वळवून धरले. "थांबा जरा. बघा."

दोघं बघत राहिली. अर्ध्या मिनिटाने दिवे आपसूक विझले.